भोरला एक निवांत दिवस

मटार स्वस्त झाला की माझं डोकं फिरतं. कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर हिरव्या शेंगांचा ढीग दिसायला लागतो, समोरच्या बाल्कनीत कपाटातले स्वेटर उन्हात पडतात, सकाळी सोसायटीतल्या पालापाचोळ्याला कुणीतरी काडी लावतं आणि तो धूर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मग पुढचे दोन-अडीच महिने माझं काही खरं नसतं. पुण्याची थंडी कशी छान, असं कुणी म्हणायला लागलं की मी विषय बदलते. मला त्या थंडीत भोर आठवतं. आणि भोर तर मी धड पाहिलेलंही नाही.

पाहिलंय ते एसटीच्या खिडकीतून. माझं माहेर महाडजवळचं. लग्नानंतरची पंचवीस-तीस वर्षं दर मे महिन्यात आम्ही वरंधा घाटाने जायचो आणि गाडी भोरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. मी पिशव्या आणि आमच्या लेकाला, समीरला, सांभाळत आत बसायची, हे चहा घ्यायला खाली उतरायचे. कप हातात धरून स्टँडच्या कडेला उभे राहायचे आणि समोरच्या एका उताराच्या गल्लीकडे बघत राहायचे. दोन्ही बाजूंना बुटकी घरं, ओट्यावर कुणीतरी तांदूळ निवडतंय, एखादी सायकल भिंतीला टेकवलेली, आणि गल्लीच्या शेवटी झाडांचा हिरवा अंधार. तिथे नदी असावी, असा यांचा अंदाज. कंडक्टरने घंटी मारली की परत येऊन बसायचे आणि दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, की एकदा इथेच उतरायचं, पुढे जायचंच नाही. मी म्हणायची, उतरू की. आणि गाडी पुढे जायची.

भोरला आमचं कुणी नव्हतं, हेच यांना आवडायचं. कुणाच्या पाया पडायचं नाही, कुणाकडे जेवायला बसायचं नाही, कुणी वजन कमी झालं म्हणणार नाही. नीरा नदीच्या घाटावर बसायचं, राजवाडा बाहेरूनच बघायचा, एखाद्या दुकानात उगाच सुतळीचा भाव विचारायचा, दुपारी देवळातल्या गार फरशीवर आडवं व्हायचं आणि संध्याकाळी घरी. काही मोठं मागणं नव्हतं. पुण्यापासून दीड तासाचं गाव. पण लांबचं सगळं आम्ही पाहिलं आणि जवळचं ठेवून दिलं, आपल्याकडे सगळेच ठेवतात तसं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत यांची मूत्रपिंडं गेली. मग आमच्या आठवड्याला वेगळंच वळण लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी सातला घरून निघायचं, डाव्या हातात दोन जाड सुया, चार तास यंत्रातून रक्त फिरवायचं, आणि दुपारी रिक्षातून घरी आलं की संध्याकाळपर्यंत नुसतं पडून राहायचं. दिवसभरात पाणी पाऊण लिटर, त्यातच चहा, आमटी, औषधं सगळं. तहान फार झाली तर लिंबाची फोड चोखायची. भाजी चिरून उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, परत उकळायची, आणि मग जे काही उरेल त्याला भाजी म्हणायचं. हे म्हणायचे, तू मला भाजीचा फोटो वाढतेस. असं बोलले की मला बरं वाटायचं, कारण जोवर टोमणे आहेत तोवर माणूस आहे.

अशी तीन वर्षं गेली. त्या वर्षी दिवाळी झाल्यावरच्या एका मंगळवारी आम्ही बाल्कनीत ऊन खात बसलो होतो. हे म्हणाले, "आता पुरे करू या."

मला वाटलं चहाबद्दल बोलतायत. पण ते डाव्या हाताकडे बघत होते. तिथली शीर सुयांनी दोरखंडासारखी फुगली होती. म्हणाले, तीन वर्षं धुतोय, डाग काही निघत नाही. आवाज असा, की उद्यापासून पेपर बंद करू या म्हणावं. बंद केलं तर पुढे काय होतं आणि किती दिवसांत होतं, हे त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. एक आठवडा, फार तर दोन. तेही त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

मी रडले नाही, की त्यांना शपथ घातली नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आणि भोर?"

हे खोकला येईपर्यंत हसले. "बरं," म्हणाले, "भोर होऊ दे. मग थांबू."

शब्दाला पक्का माणूस. भोर होईपर्यंत ते न चुकता सुया टोचून घेणार आणि भोर झालं की थांबणार, यात काही बदल होणार नव्हता. म्हणजे मला एकच गोष्ट करायची होती. भोर होऊ द्यायचं नव्हतं.

मी शाळेत बावीस वर्षं वेळापत्रक बसवलं. अठ्ठावीस शिक्षक, एकवीस वर्ग, एकच प्रयोगशाळा, आणि सगळ्यांना शेवटचा तास नको. त्यातून कुणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर दुसऱ्याला पाठवायचं, त्याला आम्ही बदली तास म्हणायचो. बदली तास सांगितला की भलेभले शिक्षक तोंड लपवायचे. तासाला तास अडकू नये यासाठी मी अर्धं आयुष्य खर्च केलं. त्या हिवाळ्यात तीच विद्या उलटी वापरली.

कार्तिक महिना आपोआप गेला, कारण यांनी आराखडा काढायला घेतला. पिंपरीच्या कारखान्यात ते ड्रॉइंग विभागात होते, त्यामुळे सहलीचासुद्धा नकाशा. मोठा पांढरा कागद, कडक शिशाची पेन्सिल, मधोमध नीरा, स्टँड, राजवाडा, घाट, आणि ती उताराची गल्ली तुटक रेषेने, कारण तिचं टोक पाहिलेलं नव्हतं. एका बाजूला वेळा लिहिलेल्या. सातला कोथरूड सोडायचं, कापूरहोळच्या फाट्यावर वळायचं, साडेआठला भोर. साडेआठ ते बारा या जागेत त्यांनी लिहिलं होतं, काही नाही. उजव्या कोपऱ्यात चौकट आणि त्यात दुरुस्तीचा क्रमांक. कारखान्यात ड्रॉइंग बदललं की तो क्रमांक वाढवायचा, अशी शिस्त. पहिल्या दिवशी त्यात शून्य होतं.

मग मार्गशीर्ष लागला आणि मी गुरुवारचं व्रत धरलं. आयुष्यात कधी धरलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी सांगून सांगून हात टेकले होते. चौरंग मांडला, कलश ठेवला, पाच फळं आणली, शेजारणींना बोलावलं, आणि सगळे गुरुवार अडवले. यांनी कलशाकडे बघून विचारलं, देवीची एकदम यंदाच कशी आठवण झाली? मी म्हटलं, मोक्ष हवाय. ते म्हणाले, कुणाला? मी नारळाची शेंडी नीट करत बसले. शनिवार तर आदल्या दिवशीच्या थकव्याचा, त्याला कारण लागायचं नाही. रविवारी साऱ्या पुण्याच्या गाड्या त्याच रस्त्याला, टोल नाक्यावरच तास जाणार. राहिला मंगळवार. मंगळवारी तिथे बाजार असतो, फार गर्दी असते, असं मी ठोकून दिलं. भोरचा बाजार कोणत्या वारी असतो हे मला ठाऊकच नव्हतं. आजही नाही. यांनी नकाशात राजवाड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, मंगळवार बाजार, आणि चौकटीतला क्रमांक वाढवला.

पौषात मी म्हटलं, या महिन्यात काही नवं करत नाहीत. हे म्हणाले, सहलीला मुहूर्त लागतो हे नवीन आहे. पण क्रमांक वाढवला. मग संक्रांत, तिळगूळ, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. कुणी न बोलावताही मी जाऊन येत असे. कॅलेंडर समोर घेऊन बसायची आणि लाल अक्षरं शोधायची. कधी एकादशीचा आधार, कधी कुणाच्या मुलीच्या साखरपुड्याचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हौशी बाई आहे. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून भाजीचं पाणी ओतताना मोजत असायची, की अजून एक आठवडा मिळाला, पुढचा कुठून आणू?

दवाखान्यात शेजारच्या पलंगावर बागवानभाई असायचे. मार्केट यार्डात चाळीस वर्षं फळांचा गाळा, आणि आता फळ खायची बंदी. ते दर वेळी खिशातून एक संत्रं आणायचे, चार तास मुठीत धरून मधून मधून हुंगायचे आणि जाताना नर्सला देऊन टाकायचे. यांनी त्यांना नकाशा दाखवला होता. बागवानभाईंनी तो निरखून पाहिला, घाटावर सावली किती वाजेपर्यंत असेल याची चौकशी केली, आणि मला म्हणाले, "काकी, घेऊन जा साहेबांना. मी नुसता म्हणत बसलो, आंब्याचा सीझन होऊ दे, मग निघू. असे किती सीझन गेले." त्यांच्या बायकोने बाहेरच्या बाकावर माझा हात धरला. मला वाटलं, या बाईंना सांगावं सगळं. पण बोलले असते तर मी काय करतेय हे मलाच ऐकू आलं असतं.

आणि समीर. तो हिंजवडीला एका कंपनीत आहे, राहतोही तिकडेच, दर शनिवारी येतो. त्याला आमचा करार माहीत नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं, की वडिलांची एक साधी इच्छा आहे आणि आई दर आठवड्याला खोडा घालते. एकदा स्वयंपाकघरात येऊन दार लोटून म्हणाला, "आई, एका दिवसाच्या ट्रिपला किती प्लॅनिंग करशील? मी ड्राइव्ह करतो, तू फक्त बस. बाबांना लाइफमध्ये एक गोष्ट हवीय, आणि तू कॅलेंडर दाखवतेस." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तो म्हणाला, खरंच नाही कळत. त्याचं बरोबर होतं. मी गॅस बारीक केला आणि त्याला मटारउसळ वाढली.

रथसप्तमी झाली त्या सोमवारी बागवानभाईंच्या पलंगावर दुसरे कुणीतरी होते. चादर तीच निळी. हे चार तास छताकडे बघत पडून राहिले. परतताना रिक्षा कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले, "बागवानांना कुठे जायचं होतं, ते विचारायचंच राहिलं." माझ्याकडे त्या दिवशी एकही लाल अक्षर शिल्लक नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी पावणेसातला बेल वाजली. समीर दारात, गाडी खाली. न विचारता आला होता. म्हणाला, गर्दी व्हायच्या आत निघू, चला. यांनी अंघोळ केली, दाढी केली, कपाटातून पांढरे कॅनव्हासचे बूट काढले. मी यंत्रासारखी तयारी करत गेले. दोनदा उकळलेल्या बटाट्याची भाजी, पोळ्या, मोजून भरलेली पाण्याची छोटी बाटली, लिंबाच्या फोडी, पाठीला उशी, औषधांची डबी. प्रत्येक वस्तू पिशवीत घालताना मनात एकच हिशेब होता, आज रविवार, उद्याचा सोमवार नसणार. देवीला म्हटलं, चार गुरुवार खोटे का होईना, केलेत. काहीतरी कर. गाडी बंद पाड. रस्ता बंद कर. काहीच झालं नाही. समीर पिशव्या घेऊन खाली गेला, परत वर आला, मी किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. तोंड उघडलं, पण कारण आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही.

हे बुटांच्या स्टुलावर बसले होते. एक नाडी बांधून झाली होती. दुसरी हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मग नाडी सोडली आणि म्हणाले, "आज नको. गुडघा धरलाय."

यांना बाकी सगळं झालं, पण गुडघ्याने त्यांना कधी त्रास दिला नाही. समीर वैतागून म्हणाला, बाबा, गाडीतच तर बसायचंय. हे म्हणाले, बसलं की जास्त दुखतो. मी खाली बसून त्यांची बांधलेली नाडी सोडायला लागले, कारण माझा चेहरा समीरला दिसायला नको होता. तेव्हा माझ्या डोक्याजवळ वाकून ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तुझे सगळे तास संपले होते ना? हा बदली तास माझा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, हे मी विचारलं नाही. पहिल्या गुरुवारपासून असणार. क्रमांक वाढवत होते तो काही बावळटपणाने नव्हे.

त्या दिवशी आम्ही तिघांनी भोरचा डबा बाल्कनीत बसून खाल्ला. हे त्याला सोडायला लंगडत खाली गेले, खोटं लंगडत, आणि बराच वेळ वर आले नाहीत. वर आल्यावर नकाशा काढला, चौकटीत अकरा लिहिलं आणि शेजारी कारण, गुडघा. मी बघतेय हे बघून कागद गुंडाळून ठेवला. त्यानंतर भोरचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. सोमवारी सातला ते रिक्षात बसले. बुधवारी बसले. शुक्रवारी बसले. होळी झाली, उन्हं तापली, बाजारातला मटार संपला, आणि एका बुधवारी यंत्राला जोडलेले असतानाच त्यांचं हृदय थांबलं. मी बाहेरच्या बाकावर शब्दकोडं सोडवत होते.

आता दोन वर्षं झाली. लोक म्हणतात, तुम्ही त्यांचं किती केलंत. मी मान डोलावते. मला त्या हिवाळ्यात काय मिळालं ते मला पक्कं माहीत आहे. सकाळचं ऊन, अर्धा कप चहा, टोमणे, रात्री शेजारी त्यांच्या श्वासाचा आवाज. त्यांना काय मिळालं? सुया. आठवड्याला सहा. त्यांना थांबायचं होतं आणि मी थांबू दिलं नाही. नदीकाठी एक सकाळ हवी होती, तीही दिली नाही. तीस वर्षं स्टँडवरून पाहिलेली ती गल्ली त्यांना एकदा उतरून जाता आली असती. उलट त्यांनीच स्वतःचा दिवस मला देऊन टाकला, आणि मी तो घेतला. बूट काढून जागेवर ठेवले आणि मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मला विसरता येत नाही. मी रात्रंदिवस त्याचा न्याय करत बसते आणि निकाल रोज वेगळा लागतो.

परवा मटार सोलत बसले होते, तेव्हा समीरचा फोन आला. मागे हिंजवडीचे हॉर्न. म्हणाला, "आई, बाबांचा तो मॅप आहे ना? या संडेला जाऊन येऊ. तसंच, सातला निघायचं."

मी म्हटलं, रविवारी फार गर्दी असते रे.

"मग मंगळवारी. मी लीव्ह टाकतो."

मंगळवारी तिथे बाजार असतो, मी म्हटलं. आणि पुढची शेंग उघडली. मग तो अगदी यांच्यासारखा, एकेक शब्द सोडत म्हणाला, "बरं. मग नको या वेळी. माझा गुडघा दुखतोय."

त्या रविवारी बापलेक खाली काय बोलत उभे होते, ते मला तेव्हा कळलं.

मी फोन ठेवला. कपाटावरून कागदाची गुंडाळी काढली, जेवणाच्या टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. नीरा, घाट, राजवाडा, तुटक रेषेची गल्ली. साडेआठ ते बारा, काही नाही. चौकटीतला अकरा मी खोडला आणि बारा लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं बारीक येत नाही. भोर झालं की थांबायचं, असं आमचं ठरलं होतं. भोर अजून व्हायचं आहे.